एकीवाली मॅडम

"करंगळी दाखवा, मॅडम! पोरं दाखवतात तशी, वर करून!"

प्राचार्य माइकवर ओरडत होते. प्रार्थना नुकतीच संपली होती, समोर अख्खी शाळा रांगेत. आणि मी, वय चव्वेचाळीस, चौथीची वर्गशिक्षिका, मांड्या आवळून उभी. मी फक्त स्वच्छतागृहाची चावी मागितली होती. तीही जवळ जाऊन, हळू आवाजात.

"तुमचे वडील आमच्या बागेत घड उचलायचे," ते माइक न हटवता म्हणाले. "त्यांना कधी चावी लागली नाही."

बाग त्यांचीच होती. केळीची, नजर पोचेल तिथपर्यंत. माझे आईबाप त्याच बागेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिथून मी शिकून मास्तरीण झाले होते, आणि हे त्या माणसाला पचत नव्हतं.

मी करंगळी वर केली.

होय, केली. ओटीपोटात आग होती. चौथीची पोरं हसली. माझीच पोरं.

आता या चावीचं सांगते. आमच्याकडे लघवीला एकी म्हणतात. आणि सरकारनं नेमकं शाळांचं एकीकरण केलं. आमची छोटी प्राथमिक त्यांच्या मोठ्या शाळेत मिसळली. एक आवार, एक फलक, एक प्राचार्य. स्टाफचं स्वच्छतागृहही एकच, त्याला कुलूप, आणि चावी प्राचार्यांच्या खणात. मोठ्या शाळेच्या लोकांना ती न मागता मिळे. आम्हा प्राथमिकवाल्यांना मागून. पहिल्याच आठवड्यात ते स्टाफरूममध्ये म्हणाले, शाळेचं एकीकरण झालं, पण या मॅडमची एकी काही होईना. सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं. त्या दिवसापासून मी एकीवाली मॅडम.

दुखणं किती होतं? आमच्या बुऱ्हाणपूरच्या जमिनीखाली पाण्याची जुनी भुयारं आहेत, बादशाही काळातली. मी शपथेवर सांगते, ती सगळी येऊन माझ्या ओटीपोटात मिळत होती. दिवसातून चाळीस वेळा जावं लागे. बरं, थोडं वाढवून सांगितलं. अडतीस. आणि येणार किती? चमचाभर. त्या चमच्याआधी मात्र कुणी आत काच कुटून भरली आहे असं वाटे. इतवाऱ्याच्या बाजारात कुठल्या दुकानदाराची बायको मागच्या दारानं आत घेते, याचा नकाशा माझ्याइतका पालिकेकडेही नसेल. मी पाणी सोडलं. चहा सोडला. लग्नकार्य सोडलं. जैनाबादला माहेरी जाताना एकदा तापीच्या पुलावर रिक्षा थांबवली आणि कठडा धरून खाली पाण्याकडे बघत राहिले. बराच वेळ. का, ते लिहीत नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला म्हणून परतले.

तपासण्या सगळ्या साफ. लघवी साफ, सोनोग्राफी साफ. चार डॉक्टर म्हणाले, ताई, टेन्शन घेऊ नका. पाचवी इंदूरची, बाई. ती म्हणाली, दुखणं खरं आहे. पण ते इतकी वर्षं चाललंय की मेंदू आता त्याची घंटा बंदच करत नाही. इलाज असा: डोक्यावर बाहेरून चुंबकाची कॉइल ठेवायची आणि मेंदूतल्या त्या घंटेच्या जागेला टिचक्या मारायच्या. चिरफाड नाही, सुई नाही. काहींना आराम पडतो, काहींना नाही, अजून अभ्यास चालू आहे, हेही तिनंच सांगितलं. काही आठवडे रोज यावं लागेल.

खरं दुखणं, हे शब्द ऐकून मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. माय मात्र घाबरली. म्हणाली, "डोक्याले चुंबक लावशीन तं चमचे चिकटतीन तुले, पोरी."

मी रजेचा अर्ज केला. हिंदीत, आमच्याकडच्या कचेरीच्या भाषेत: मूत्राशय के दर्द हेतु मस्तिष्क का उपचार. इथंच चूक झाली म्हणतात लोक. नुसतं पोटदुखी लिहायचं होतं.

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कागद वर धरला.

"तकलीफ खाली आणि इलाज वर? मॅडम, हा तर दिमाग का केस आहे. मानसिक रोग लिहा, आत्ता सही करतो."

मग अगदी मायेनं पुढचं सांगितलं. तसं लिहिल्यावर चौथीचा वर्ग माझ्याकडे ठेवता येणार नाही. पालक काय म्हणतील.

कुणी हसलं. या वेळी मी नाही.

मानसिक रोग ही लाजेची गोष्ट नाही. ज्याला आहे त्यानं ताठ मानेनं लिहावा. पण तो माझा नव्हता, आणि माझं दुखणं काय म्हणायचं हे बागेचा मालक ठरवणार नव्हता. मी त्यांच्या हातातून अर्ज घेतला. उभी राहून मोठ्यानं वाचला. मूत्राशय. लघवी. किती वेळा. कशी आग. वाचता वाचता माझाच आवाज मला ओळखू येईना. एका मास्तरनं खाली बघितलं, दुसऱ्याचा चहा थांबला.

मग म्हटलं, "सर, मंजूर नसेल तर नामंजूर लिहा. कारणासकट. आणि खाली सही करा."

त्यांनी पेन उचललं नाही. बोलायला माइक लागतो, लिहायला छाती. मी दुसऱ्या प्रतीवर कारकुनाकडून आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला आणि इंदूरला नणंदेकडे गेले.

मशीन म्हणजे डोक्यावर सुतारपक्षी. टक टक टक. कवटी फुटून पक्षी आत घर करणार असं वाटतं. आठव्या दिवशी शाळेची नोटीस आली, विनापरवानगी गैरहजर. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. गैरहजर नाही, उपचारावर आहे. परत येईन ते चौथीच्याच वर्गावर. चावी मागणार नाही, कुलूप काढा म्हणून लेखी मागेन. नोकरी घेतलीत तर कोर्टात उभी राहीन आणि हा अर्ज तिथंही वाचीन, एकही शब्द न गाळता.

पाकीट पोस्टात टाकून आले आणि मशीनच्या खुर्चीत बसले. मशीन चालवणाऱ्या मुलीला विचारलं, आठ दिवस झाले, आग तेवढीच आहे, याचा काही उपयोग होईल का?

तिनं कॉइल पुसली.

"सांगता येत नाही, ताई. उद्या दहाला या."