सरांची रेघ आणि पाडव्याच्या म्हशी

पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं सोडून कोणी गाव सोडतं का, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं. तरी लक्ष्मीपूजन उरकलं आणि मी नाशिकहून कोल्हापूरची रातराणी पकडली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. महिन्याभरावर माझ्या रेखाचित्रांचं पहिलं प्रदर्शन आलं होतं आणि माझी झोप उडाली होती. चित्रं बघून जो तो म्हणायचा, "अगदी तुझ्या सरांची रेघ!" म्हणणारे कौतुकानेच म्हणत, पण मला ते लागायचं. पुढे पुढे तर रेघ ओढली की ती माझी की सरांची, हे मी तपासत बसायचे. मला चित्रकला शिकवणारे हे सर निवृत्त होऊन आपल्या कोल्हापुरात परतले होते. त्यांना सगळी चित्रं दाखवायची आणि त्यांनी 'नक्कल' म्हटलं तर प्रदर्शन रद्द करायचं, असं मी ठरवूनच निघाले होते.

मंगळवार पेठेतल्या घरी पोचले तर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, हातपाय धुवायच्या आधीच चिवडा-करंज्यांची ताटली पुढे केली. "खा आधी. मी पाणी तापवतो," त्या म्हणाल्या. (इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात.) मी चित्रांचा गठ्ठा सोडायला लागले, तर सरांनी हाताने थांबवलं. आज पाडवा, आज म्हशी बघायच्या, स्केचबुक तेवढं घे, म्हणाले. माझा जीव टांगणीला आणि यांना म्हशी सुचतायत! मला रागच आला.

दुपारनंतर आम्ही पंचगंगेच्या घाटाकडे गेलो. पाडव्याला इथले गवळी आपल्या म्हशी मिरवतात. अंगावरचे केस भादरून त्यात नक्षी काढलेली, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि तेल लावून अंग असं चकचकीत की बघत राहावं. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत सुटतो आणि त्याची म्हैस त्या आवाजामागे, गर्दीतून वाट काढत, धावत येते. दोरी नाही, काठी नाही.

सर एका कट्ट्यावर बसून शांतपणे काढू लागले. मी गर्दीत घुसले. म्हैस दिसते न दिसते तोच पुढे गेलेली असायची. पाय काढावेत तर शिंगं निसटायची. एकीने तर जाता जाता तेलकट कूस माझ्या वहीवर घासली आणि पानभर डाग पडला. तिचा मालक गाडी थांबवून बघायला आला.

"पावणं कुठलं म्हणायचं?" त्याने विचारलं. नाशिक म्हटल्यावर पानात डोकावून तो म्हणाला, "आमची म्हस स्वताच वहीत शिरली की, ताई."

मी हसले खरी, पण चिडलेही होते. एकही चित्र पुरं झालं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर सरांनी आपली वही आणि माझी वही शेजारी शेजारी उघडून ठेवली. काकू ओवाळणीचं तबक तयार करत होत्या. यातलं माझं कुठलं, एवढंच सरांनी त्यांना विचारलं. चाळीस वर्षं ज्यांनी सरांची चित्रं पाहिली, त्यांनाही फरक कळला नाही तर संपलंच.

काकूंनी कुंकवाचं बोट लागू नये म्हणून हात मागे धरला आणि नुसती मान वाकवली. "हे तुमचं. तुमच्या म्हशी हुब्या (उभ्या) ऱ्हात्यात. हिच्या एकाबी म्हशीला धड पाय न्हाईत, पण पळत्यात की."

आणि त्या वाती करायला वळल्या. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं.

सरही पाटावर टेकले. मला वाटलं हसतील, पण ते म्हणाले, "सुटलो बाई. तुझा हात मी बिघडवला की काय, ह्या धास्तीनं मी गठ्ठा सोडू देत नव्हतो."

ओवाळून झाल्यावर आम्ही गठ्ठा सोडला. काही चित्रं त्यांनी सरळ बाजूला काढली: ही माझी आहेत, घरी ठेव. बाकीची लाव म्हणाले. मग म्हणाले, माझ्यात माझ्या मास्तरांची रेघ आहे, तुझ्यात माझी असणारच. घाई मात्र तुझी स्वतःची आहे, ती सोडू नकोस. लहानपणापासून ज्या घाईसाठी बोलणी खाल्ली, ती सांभाळायला सांगणारा हा पहिलाच माणूस.

सकाळी निघण्याआधी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट (तिखट रस्सा) असा होता की नाकातून पाणी आलं, तरी दोनदा मागून घेतला. किती दिवसांनी अन्नाला चव लागली होती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. उसाच्या ट्रॉल्या, भाऊबिजेला निघालेल्या बायका, डुलकी घेणारा कंडक्टर, जे समोर आलं ते काढत गेले. गाडीच्या धक्क्यांनी हात उडत होता, उडू दिला.

घरी आल्यावर नवऱ्याने वही चाळली आणि जरा घाबरतच विचारलं, "यातली रेघ सरांसारखी आहे का गं?"

बसमध्ये रेघ कोणाची ते बघायचं राहूनच गेलं होतं.