नानाचा हात

नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं, असं गंगाकाठच्या आमच्या वस्तीत, बैरागीटोल्यात, म्हणतात. मी घेते. गयानाथ मंडल. घ्या, घेतलं! कमी व्हायला गंगेनं आमचं काही शिल्लक ठेवलं असेल, तर होऊ दे कमी. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते आणि पाठीमागे तो. आज पाठीमागेच बोलतेय.

एरवी तो मालदाकडच्या बागांत दुसऱ्यांचे आंबे उतरवतो. चैत्र सरत आला की शंकर होतो.

शंकराला आमच्याकडे नाना म्हणतात, आईच्या वडिलांना म्हणतात तसं. बापाला शिव्या देता येत नाहीत, आजोबाला देता येतात. वर्षभर जे जे सोसलं ते चैत्रात गंभीऱ्याच्या सणाला मांडवात नानाला उभं करून सुनवायचं, ही आमची रीत. परवलाच्या भाजीला भाव नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, सगळ्याला नाना जबाबदार. खांद्यावरचा मोठा ढाक वाजू लागला की नाना नाचत येतो, आणि मंडळी गाण्यातून त्याची खरडपट्टी काढतात. तो नाचता नाचता ऐकतो. शेवटी उजवा हात वर करून म्हणतो, "भिऊ नका, मी आहे." हात वर गेला की ढाक थांबतो. तोवर ढाकवाल्यानं थांबायचं नाही, खांदा निखळला तरी.

तो हात माझ्या नवऱ्याचा. कित्येक वर्षं दुसऱ्या कुणी नाना केलाच नाही, कारण त्याच्यासारखा नाचणारा टोल्यात नव्हता. नाना म्हातारा, पोट सुटलेला, भांग प्यालेला, आणि तरी देव. हे सगळं पायांतून दाखवायचं. तो डावा पाय असा टाकायचा, की वाटावं आता पडणार, आणि उजवा असा, की वाटावं आता जमीन फाटणार.

हे त्याला कुणी शिकवलं? मोक्षदा आत्यानं. याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा बापाच्या या बहिणीनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. पोरगा असताना तो कडुनिंबाचा मुखवटा घालून म्हातारीचा नाच करायचा. मुखवटा इतका जड, की कपाळावर अजून खळगा आहे. आत्या अंगणात काठी घेऊन बसायची. "कंबर मोड रे गया, गुडघा मोडू नको! म्हातारी आहेस, मेलेली नाहीस!" बायांनी गंभीऱ्यात नाचायचं नाही, पण पुरुषांचे पाय बायांनीच वळणावर आणायचे. माझंही तेच. ताग विंचरून जटा मी करायची, चिंध्या भरून नाग मी शिवायचा. चुलीतली राख पिठाच्या चाळणीनं चाळून, खडू घालून त्याच्या अंगाला मीच फासायची. पाया पडायला मात्र गाव त्याच्या.

गंगेचं सांगते. ती अंगावर येत नाही, खालून येते. आधी अंगणात केसाएवढी भेग पडते. मग बोटाएवढी. मग एक दिवस उडदाची भाकरी थापताना गुम्‌ असा आवाज होतो आणि शेजाऱ्याचा गोठा नसतो. दरवर्षी तीर बांधायला जाळीतले दगड येतात. कधी येतात? पूर आल्यावर. भर पुरात किती दगड पडले ते गंगेला ठाऊक आणि ठेकेदाराला ठाऊक, आणि दोघांपैकी एकही बोलत नाही.

मागच्याच्या मागच्या चैत्रात मंडळींनी नानाला नदीवरूनच झोडपलं. यानं हात वर केला. "भिऊ नका, मी आहे. यंदा ती थांबेल." 'यंदा थांबेल' हे वाक्य त्यानं भरात येऊन जोडलं. लोक सुखावले, ढाक थांबला, आम्ही मुरमुरे आणि गूळ खाऊन घरी आलो.

भाद्रपदात आत्याच्या अंगणात भेग पडली. आजूबाजूचे सगळे उठले. आत्या उठेना. हा तिला आणायला गेला, मीही मागोमाग. ती पान कुटत बसली होती आणि शेळी खांबाला बांधलेली.

"आत्या, ऊठ. गाठोडं बांध."

"कशाला? नानांनी सांगितलंय यंदा थांबेल."

"अगं आत्या, नाना म्हणजे मीच ना!"

आत्या बोळक्या तोंडानं हसली. "तू? सहा वर्षांचा होईस्तोवर अंथरूण ओलं करणारा तू नाना? अरे, चैत्रात नाना तुझ्या अंगावर येऊन बसतात. तू नुसती चटई. चटईवर पंच बसले म्हणून उद्या चटईनं उठून निवाडा फिरवायचा?"

"आत्या, मी खोटं बोललो होतो."

"तू बोललाच नव्हतास. जा, लुंगी नीट नेस आधी, आणि मग मला शहाणपण शिकव."

त्यानं तिचा हात धरून ओढलं. तिनं खलातला बत्ता याच्या मनगटावर हाणला. भेग अजून बोटाएवढीच होती. म्हटलं, टोल्यातल्या पोरांना बोलावून आणू, उचलूनच नेऊ. आम्ही वळणाच्या बांबूंपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच गुम्‌ झालं. मागे वळून पाहिलं तर आत्या नाही, घर नाही, शेळी नाही. जिथं अंगण होतं तिथं पाणी गढूळ होऊन फिरत होतं.

मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, मी धरते. ज्याचा शेंबूड पुसला त्याचं ऐकलं नाही आणि त्याच्या तोंडावरच्या राखेचं ऐकलं!

पाठोपाठ आमचंही घर गेलं. विटा काढायला वेळ मिळाला एवढंच. जुन्या बांधावर निळं प्लास्टिक ताणून राहिलो. फाल्गुनात मंडळाचा गाणी रचणारा मोजम्मेल आला, याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"गया, तालीम कधी?"

"मी नाना करणार नाही."

"मग काय मी करू? माझी ही हाडं बघून शंकर नाही, शंकराचा त्रिशूळ वाटेल."

एरवी हा पोट धरून हसला असता. आता नुसता नदीकडे बघत बसला. मोजम्मेल चहा पिऊन गेला.

मग पंचायतीचा प्रधान आला, अनुकूल साहा. मोटरसायकल बांधावर लावून आमच्याच खाटेवर बसला.

"गयादादा, ऐकतो ते खरं? नाना करणार नाही म्हणता?"

"नाही."

"वहिनी, तुम्हीच समजवा बाई यांना. टोल्यातली अर्धी घरं हलायच्या गोष्टी करताहेत. वस्ती उठली तर बांध कुणासाठी बांधायचा? मासळीसाठी? मंजूर झालेलं काम परत जाईल. नानांचा हात वर गेला, की लोक टिकतात." मग त्यानं आमच्या प्लास्टिकवर नजर फिरवली. "रस्त्यापलीकडे पंचायतीची जागा पडून आहे. उंचावर आहे. तुमच्या घराचं मी बघतो."

दगड कधी येणार ते मी विचारलं. तो म्हणाला, "येतील की." मोटरसायकलची धूळ उडवून निघून गेला.

खोटं कशाला बोलू? मला ती जागा हवी होती. अजून हवी आहे. प्लास्टिकखाली वैशाख काढून बघा, मग मला नीती शिकवा. मी याच्या मागे लागले. "हात तर वर करायचाय! त्याला काय लागतं?"

"आत्याला विचार," तो म्हणाला.

"आत्या गेली. मी जिवंत आहे. माझं कोण बघणार?"

चैत्रसंक्रांतीच्या सकाळी मात्र तो आपणहून म्हणाला, "राख चाळ." मला वाटलं, जिंकले. राख फासताना जीव लावून फासली. दंडावर, पाठीवर, कानामागेसुद्धा. मनात मी त्या जागेवर चूल कुठं मांडायची ते ठरवत होते.

तिन्हीसांजेला मांडव भरला. प्रधान पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत. बिशू रविदासनं ढाकावर टिपरी मारली आणि हा नाचत आला. असा नाच मी त्याचा पाहिला नव्हता. तोल जाणारा डावा पाय होता, पण भांगेचा नव्हता. घर गेलेला म्हातारा माणूस चालतो तसा होता. मोजम्मेल फाटकी बनियन घालून पुढे झाला आणि बोट नाचवत सुरू झाला,

"नाना हे, तुझ्या जटेत गंगा म्हणे,
मग आमच्या चुलीत ती आली कशी?
एक बाई सांभाळता येईना तुला,
जगाची राखण करशील कशी?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग एकेकाचं सुरू झालं. कुणाची शेती, कुणाची शाळेची भिंत, कुणाच्या पोरीचं मोडलेलं लग्न. हा नाचत ऐकत होता. गाणी संपली. आता हात.

हात वर जाईना. तो नाचतच राहिला. बिशू वाजवत राहिला. मोजम्मेल हळूच म्हणाला, "नाना, हात." हा गिरकी घेऊन दुसरीकडे वळला. घामानं राख ओघळून छातीवर पट्टे पडले. लोकांचं हसू विरलं. बायांनी पोरांना जवळ ओढलं. मी मांडवाच्या खांबाला धरून मनात ओरडत होते, कर रे मेल्या, वर कर, माझी जागा गेली!

मग तो थांबला. पाय थांबले, ढाक चालूच.

"नाही करणार," तो म्हणाला. नानाच्या जाड आवाजात. "माझ्या डोक्यावरून ती उतरली ती उतरली. आता माझं ऐकत नाही. मागच्या वर्षी मी म्हणालो थांबेल, ती थांबली नाही. उठा. घरं मोडा. कौलं काढा, विटा काढा, गुरं हाका. भाद्रपदाच्या आत इथं एक माणूस दिसता कामा नये."

प्रधान ताडकन उठला. "अरे ए गयानाथ! पुरे कर नाटक!"

तेवढ्यात मागून, बायकांतून, एक म्हातारी कडाडली, "कुणाला अरे म्हणतोस रे मुडद्या? नानांना?"

मग बायका तुटून पडल्या. "देवाला अरे-तुरे! जीभ झडेल!" ज्या खुळ्या श्रद्धेनं आत्याला खाल्लं, तीच आता पदर खोचून याच्या बाजूनं उभी होती. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

हा प्रधानासमोर जाऊन उभा राहिला. "तुला खात्री आहे ना बांधाची? पावसाआधी दगड येणार ना? मग कर तूच हात वर. ढाक थांबेल."

सगळा टोला प्रधानाच्या उजव्या हाताकडे बघू लागला. हातात फोन होता. त्यानं फोन खिशात घातला, आणि हातही खिशातच राहिला. ढाक वाजत होता. प्रधान खुर्च्या ओलांडत बाहेर गेला, मोटरसायकल दोनदा लाथा खाऊन सुरू झाली.

बिशूच्या बोटांतून रक्त येत होतं. तो माझ्याकडे बघत होता, जसं काही मीच थांबवणार होते. शेवटी मोजम्मेलनं त्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. हात वर न जाता ढाक थांबला. कुणी प्रसादाला थांबलं नाही. आम्ही बांधावर पोचतो न पोचतो, तोच टोल्यातून पहिला पत्रा उतरवल्याचा खडखडाट ऐकू आला.

बांधाचं काम परत गेलं. जागा आम्हाला मिळाली नाही, ते तर तुम्ही ओळखलंच असेल. तिथं आता प्रधानाच्या मेव्हण्याच्या विटा रचल्यात. भाद्रपदात गंगेनं बैरागीटोला नेला, मांडवासकट नेला. माणूस एकही नव्हता आत. वाचलेले लोक बांधावर आमच्याच आजूबाजूला राहतात आणि म्हणतात, "नानांनी वाचवलं हो!" आणि त्याच तोंडानं याला म्हणतात, "गया, तुझं प्लास्टिक जरा सरकव, आमच्या दारात पाणी गळतं." हा मुकाट्यानं सरकवतो. मी नाही सरकवत. मी त्यांच्या तोंडावर त्याचं नाव घेते, गयानाथ मंडल, गयानाथ मंडल, आणि बाया कानांवर हात ठेवतात.

परवा भाकऱ्या झाल्यावर मी चुलीतली राख काढत होते. हा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "त्या दिवशी मी आत्याकडे लुंगी नेसून गेलो."

"मग? काय नेसून जाणार होतात?"

"राख फासून गेलो असतो, तर उठली असती ती."

माझा हात थांबला. अशी चीड आली, की राखेचं टोपलं नदीत भिरकावून द्यावं. आत्या गेली त्या दिवशीही सकाळीच भाकऱ्या झाल्या होत्या. चूल अजून कोमट होती, आणि राख तिच्यात काठोकाठ होती.