कुरणवाल्या सुनंदाताई

सुनंदाताई मेश्राम बोलता बोलता गायब व्हायच्या. आपण फुटपाथवरून चालताना रंगात येऊन काहीतरी सांगत असावं आणि शेजारी बघावं तर बाई नाहीत! मागे वळावं तर रस्त्याकडेच्या गवतात गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून बसलेल्या. कार्डिफच्या लोकांना वाटायचं, म्हातारी पडली. कोणीतरी धावत यायचं. "यू ऑल राइट, लव?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "आय ॲम फाइन. यू आर स्टँडिंग ऑन इट."

त्या मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरला बॉटनी शिकल्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात हयात घालवली. रिटायर झाल्यावर लोक क्रूझला जातात, या गवताच्या मागे लागल्या. कधी न नांगरलेली जुनी कुरणं शोधायची, त्यांतल्या मूळच्या वनस्पती ओळखायच्या आणि मालकाचं डोकं खाऊन त्या वाचवायच्या, हा उद्योग. पायाला भिंगरी. जेवायला बोलावलं तर अर्ध्या ताटावरून उठून खिडकीशी जायच्या आणि आमचं लॉन बघून म्हणायच्या, "काय हे हिरवं प्लास्टिक लावून राहिले तुम्ही लोक!" त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी ड्रायव्हर. मी हे काम कधी पत्करलं ते मलाही आठवत नाही. नाही म्हणायला त्या वेळच द्यायच्या नाहीत. "बस झाला चहा, मीनल. चल, उठ. उजेड जाऊन राहिला."

तर आमच्या मराठी मंडळाने वृक्षारोपण ठरवलं. शहराबाहेर राहणाऱ्या मॉर्गनबाईंनी, नवरा गेल्यावर नुसतं पडून असलेलं आपलं एक शेत देऊ केलं होतं. प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक झाड लावायचं, ही कल्पना अध्यक्ष सबनीसकाकांची. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांना आईवडिलांचं शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर झालंय. माझे बाबा पुण्यात गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. मी ओकचं रोप मागवलं. हात टेकायला मला कुठेतरी एक खोड हवं होतं.

खड्डे कुठे घ्यायचे हे विचारायला मी ताईंना फेब्रुवारीत तिथे नेलं. मेलेलं पिवळट गवत आणि चिखल. फाटकातून आत गेल्या आणि गायब. बराच वेळ रांगत होत्या. मग माझा हात धरून मला खाली ओढलं. चिखलाला चिकटून गोल मांडलेली, बोटभर हिरवी पानं होती.

"आमरी आहे ही. इथलं ऑर्किड. मेमध्ये बघशील, सगळी जमीन जांभळी होईल."

"मग उचलून दुसरीकडे लावू ना."

"तिचा संसार मातीतल्या बुरशीसंगं असते. उपटली की मेली. आणि झाडांची सावली पडली, तर सगळंच कुरण मेलं. इथं एक पण झाड नको."

मी भडकले. "झाड लावणं आता पाप आहे का, ताई?"

"चुकीच्या जागी लावणं, हो."

कमिटीत त्यांचं कोणी ऐकलं नाही. "अहो मेश्रामबाई, गवत आहे ते!" सबनीसकाका म्हणाले. "गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे, काका," ताई म्हणाल्या आणि मीटिंगमधून उठून गेल्या. मॉर्गनबाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही ठरवा. रोपांची ऑर्डर गेली होती, भारतात सगळ्यांना सांगून झालं होतं. आता कोण मागे हटणार?

ठरल्या रविवारी फावडी, रोपं, थर्मास घेऊन आम्ही पोहोचलो, तर कुरणभर काड्या! कबाब भाजायच्या बांबूच्या काड्या, प्रत्येकीला लाल लोकर. जिथे आमरी, तिथे काडी. पाय ठेवायची पंचाईत. मधोमध ताई, चिखलाने माखलेल्या. "लावा," म्हणाल्या, "फक्त आधी काडी उपटा. काय मरून राहिलं ते बघा, अन् मग उपटा."

"दिस इज इमोशनल ब्लॅकमेल!" सबनीसकाका ओरडले.

मी रोप घेऊन पुढे झाले. संतापाने मला रडू येत होतं. "माझ्या बाबांना गवताइतकीही जागा नाही का हो?"

ताई वाकल्या, स्वतःच्या हाताने एक काडी उपटली आणि बाजूला सरकल्या. "लाव. बापापुढं मी काय बोलू?"

मी फावडं टेकवलं. त्यावर पाय दाबायचा, बस्स. दाबवेना. बाबांना झाडांतलं काही कळत नव्हतं, पण कोणाला उठवून आपण बसणं त्यांना जन्मात जमलं नाही. मी काडी होती तिथे परत खोचली.

मॉर्गनबाईंनी बांधावरच्या झुडपांच्या कुंपणातल्या मोकळ्या जागा दाखवल्या. मावतील तेवढी झाडं तिथे लागली, बाबांचा ओकही. काही जण रोपं घेऊन चिडून घरी गेले. सबनीसकाकांनी ताईंशी बोलणं टाकलं. मेमध्ये कुरण खरंच जांभळं झालं, आणि मी ऑफिस बुडवून तिथे जाऊन बसू लागले.

ताई मात्र त्यानंतर अंथरुणाला लागल्या. आजार त्यांना हिवाळ्यापासून ठाऊक होता, आम्हाला नव्हता. जुलैअखेर हॉस्पिटलमधून फोन आला. "मीनल, कुरण कापायला ट्रॅक्टरवाला येईल. जाऊन उभी राहा."

"कापायचं? ज्याच्यासाठी एवढं भांडलात ते?"

"वर्षातून एकदा नाही कापलं तर दांडगं गवत बाकीच्यांचा गळा धरते."

मी गेले. आमरी केव्हाच सरली होती, पण दुसरी निळीजांभळी फुलं अजून उभी होती, त्यांवर फुलपाखरं. ट्रॅक्टरवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ताईंना फोन लावला.

"ते पिवळ्या फुलांचं खुळखुळ्याचं रोप होतं ना, त्याच्या शेंगा वाळल्या? हलव. मला ऐकव."

मी फोन शेंगेपाशी धरला आणि ती हलवली. आतलं बी वाजलं.

"झालं. बी पिकलं. काप."

"ताई, फुलं आहेत अजून. पुढच्या आठवड्यात कापू. बरं वाटलं तर तुम्हीही याल."

"मी नाही येत आता. फुलं असतातच, मीनल. काप."

मी हात वर केला. ट्रॅक्टर सुरू झाला.

"बी गळू दे अन् मग गवत उचल. पडून राहिलं तर कुजून जमीन माजते, अन् पुन्हा दांडगं गवतच येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. निरोपबिरोप काही नाही.

चार दिवसांनी ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कुरणातच गवत ओढत होते. वाटलं, सगळं टाकून धावत जावं. या वेळी मला कोणी अडवणार नव्हतं. गाडीपर्यंत गेलेसुद्धा. मग परत फिरले आणि दाताळं उचललं. अर्धं गवत अजून जमिनीवर होतं.