भातेकाकांचा ऑर्गन

भातेकाका मोजपट्टी वापरत, पण तिच्यावर विश्वास ठेवत नसत. शिशाच्या नळीवर दोनदा टिचकी मारायची, कान लावायचा आणि मग ठरवायचं. अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळींना त्यांचं खरं नाव ठाऊक होतं. पण चर्चच्या पाइप ऑर्गनसाठी भाते बनवणाऱ्या नागपूरच्या इंजिनिअरला दुसरं नाव चिकटणार तरी कुठलं?

२००२मध्ये माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली आणि मी त्यांच्या वर्कशॉपचं वेळापत्रक सांभाळू लागले. तिथे सगळं तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं चाले. नळ्यांसाठी शिसं वितळवून वाळूवर ओतायचं, त्याचा पत्रा हातोडीनं ठोकायचा.

"काका, मशीनवर एका दिवसात होईल ना?"

"होईल. मग सगळ्या नळ्या एकसारख्या गातील. कंटाळशील गं!"

जुन्या कारागिरांनी एखादी गोष्ट का केली हे कळलं नाही, की ते म्हणत, "आधी तसंच करू. कारण मागाहून सापडेल." माझ्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना करावा लागला.

चार वर्षांनी बेलव्ह्यूच्या एका चर्चमध्ये आमचा ऑर्गन उभा राहिला. चर्चच्या समितीला मात्र पायानं दाबायचे भाते नको होते. विजेचा पंखा वारा देतो, मग ही अडगळ कशाला? पंख्याचा वारा सपाट, भात्याचा श्वासासारखा, हे सांगून काका थकले. अखेर समितीनं ऑर्गन ऐकूनच भात्यांचा निकाल लावायचं ठरवलं.

डिसेंबरचे दिवस. पाहुणे कुडकुडू नयेत म्हणून मी सकाळीच हीटिंग फुल केलं आणि यादीत टिक केली. काकांनी सूर लावले होते थंड हॉलमध्ये. उबेनं बहुतेक नळ्यांचा सूर चढला, पण ज्यांच्यात पितळी जीभ थरथरून सूर निघतो त्या नळ्या होत्या त्याच सुरावर राहिल्या. समितीसमोर पहिलाच सूर बेसूर! मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"दारं उघड," काका एवढंच म्हणाले.

तासाभरात हॉल गार झाला. सगळे पुन्हा कोटात. सर्वांत कडवा विरोध करणाऱ्या अध्यक्षा मार्गारेटबाई हात चोळत होत्या. काकांनी त्यांना भात्यावर चढवलं, "ऊब येईल," म्हणाले आणि स्वतःला येणारं एकमेव स्तोत्र वाजवू लागले.

मध्येच बाई ओरडल्या, "मोठ्या सुराला माझा पाय झपकन खाली जातो! म्हणजे मीही वाजवतेय की!"

"येस मॅडम," काका म्हणाले, "दोन वर्षं मी हेच सांगतोय."

भाते राहिले. दर रविवारी भात्यावर कोण, याची यादी मीच करते. पहिलं नाव मार्गारेटबाईंचं.

वसंतात काका पुढच्या ऑर्गनसाठी आयोवाला निघाले. गाडीपाशी मी हीटिंगबद्दल पुन्हा एकदा सॉरी म्हटलं.

"वेडी आहेस का?" ते हसले. "बाईंना थंडी वाजली नसती, तर त्या भात्यावर चढल्या असत्या?"