कांद्याची पेशी

चहा आधी संपवा. कप हातात असताना हा किस्सा ऐकलात तर सांडेल, आणि ही सतरंजी माझ्या सासूबाईंनी दिलेली आहे.

तर मंडळी, मी मूर्ख आहे. हे मी नम्रतेनं म्हणत नाही, माझ्याकडे साक्षीदार आहेत. दोहात!

वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. मी तिथे एका स्टेडियमच्या कामावर इंजिनीअर. माझी मुलगी सई बारावीत, बायोलॉजी जीव की प्राण, डॉक्टरच व्हायचं. आणि नेमकी प्रिलिमच्या तोंडावर बायको आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली. म्हणजे सईचं बायोलॉजी माझ्या गळ्यात! मी दहावीनंतर बेडकाकडे वळूनही पाहिलेलं नाही.

प्रॅक्टिकलला पेशीविभाजन होतं. कांद्याला पाण्यावर ठेवून मुळं आणायची, ती सकाळी ताजी कापून ग्लासातल्या पाण्यातून शाळेत न्यायची आणि मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या दोन होताना दाखवायच्या. प्रत्येकानं आपापली मुळं आणायची. कांदा कुजला तर मार्क गेले.

आम्ही नाशिकची माणसं, पण आमच्या घरात कांद्याला इतका मान कधी मिळाला नव्हता. कपाटात, अंधारात, काचेच्या ग्लासवर महाराज विराजमान. नाशिकहून रोज फोन. "पाणी बदललंत का? सईचे मार्क गेले तर मी परत येणार नाही हं!"

बरं, सईला शाळेच्या बसनं पाठवायचं तर ग्लास सांडणार. म्हणजे मला अर्धा दिवस रजा हवी. आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या मुदतवाढीचे कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर सहीला पडलेले! साहेब म्हणजे मिश्राजी, कानपूरचे. फार सज्जन माणूस. क्रेनच्या आवाजात मी त्यांना गाठलं.

"सर, कल सुबह छुट्टी चाहिए। बेटी की पेशी है।"

मिश्राजींचा चेहरा उतरला. "पेशी? किस सिलसिले में?"

"वो घर में उगाया है न सर, उसी की।"

"घर में... उगाया है?"

"आठ दिन से। अलमारी में, अंधेरे में। कल काट के ले जाना है।"

मिश्राजी सिमेंटच्या पोत्यावर बसले. नव्या पँटनिशी! "भाभीजी को मालूम है?"

"वही तो नासिक से फोन पे बताती है, पानी कितना रखना!"

"और किस-किस को पता है?"

"सबको सर! बिल्डिंग के सारे बच्चे यही कर रहे हैं।"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बस. अब किसी से एक शब्द मत कहना। जाओ।"

मला गहिवरून आलं हो! परक्याच्या मुलीच्या परीक्षेची इतकी काळजी कोण करतं?

दुसऱ्या दिवशी निघालो. त्या काळात दोहाचे रस्ते म्हणजे काल होता तो आज नाही. मी वळणं शोधतोय, आणि सई मांडीवर ग्लास धरून ओरडतेय, "बाबा, स्लो! माय रूट्स!" पण पोचलो. मुळं शाबूत. तीन तासांनी सई उड्या मारत बाहेर आली. तिला घरी सोडलं आणि मी शीळ घालत ऑफिसात शिरलो.

ऑफिसात स्मशानशांतता. केरळचा जोसेफ उठून माझ्या गळ्यात पडला. "बी स्ट्राँग, ब्रदर." मला कळेना, कुणी गेलं की काय?

केबिनमध्ये मिश्राजी, आणि शेजारी फाइल छातीशी धरून घामाघूम झालेला इद्रिस. हा सुदानचा, आमच्या कंपनीचा मंदूब. मंदूब म्हणजे व्हिसा, पोलीस, कोर्ट अशी सगळी सरकारी कामं करणारा माणूस. कुणी भलत्या भानगडीत अडकलं की याला धाडतात.

"क्या हुआ?" मिश्राजींनी दार लावून घेतलं.

"एकदम बढ़िया, सर! बाहर से बड़े साहब आए थे। बहुत सवाल पूछे। सई ने सब बता दिया।"

"सब?"

"शुरू से आखिर तक! कुछ भी नहीं छुपाया।"

मिश्राजींनी डोळे मिटले. "और... कितना मिला?"

"अठारह तो पक्का!"

"अठारह!"

"थोड़ा और ज़ोर लगाती तो बीस मिल जाता।"

मिश्राजींनी पाणी मागवलं. इद्रिस पुढे झाला. "सर, विच कोर्ट? आय गो थ्री पोलिस स्टेशन, टू कोर्ट. नो सई!"

"कोर्ट? कसलं कोर्ट? शी वॉज इन बायोलॉजी लॅब! ओनियन!"

मग उलगडा झाला. आपल्या मराठीत पेशी म्हणजे सेल, सजीवाच्या शरीराचा सगळ्यात लहान घटक. आणि हिंदीत पेशी म्हणजे कोर्टात हजर होणं! माझ्या पोरीनं कपाटात गांजा लावलाय, सारी बिल्डिंग तोच धंदा करतेय, आणि तिच्या आईचं नाशिकहून मार्गदर्शन आहे, असं समजून त्या देवमाणसानं रात्र जागून काढली होती.

"बसल?" इद्रिस म्हणाला. अरबीत कांद्याला बसल म्हणतात. "फॉर बसल, आय गो थ्री पोलिस स्टेशन?"

मी मान खाली घातली. मिश्राजी आधी हसले, मग रडले, मग त्यांनी ड्रॉवरमध्ये लपवलेले माझे मुदतवाढीचे कागद काढून सही केली. "आइंदा छुट्टी हिंदी में मत माँगना। अंग्रेज़ी में लिखकर देना।"

घरी सईनं तर कपाळावर हात मारला. "बाबा, जस्ट से सेल!"

पटलं मला. माणसानं चुकीतून शिकावं की नाही?

फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल आली. पुन्हा कांदा, पुन्हा ग्लास. मिश्राजी कानपूरला गेलेले, त्यांच्या जागी एक स्कॉटिश साहेब. मी स्वच्छ अक्षरात, शुद्ध इंग्रजीत अर्ज लिहिला: 'माय डॉटर्स सेल इज टुमॉरो मॉर्निंग. आय मस्ट टेक हर देअर.'

साहेबानं तो दोनदा वाचला. चष्मा काढला. "हाऊ लाँग विल शी बी इन?"

"थ्री अवर्स, सर. पॅरेंट्स नॉट अलाऊड इनसाइड."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. "इद्रिस? हिज डॉटर इज गोइंग टू जेल!"

दोन मिनिटांत इद्रिस फाइल घेऊन धावत आला. त्यानं अर्ज पाहिला. मग मला पाहिलं. फाइल हळूच टेबलावर ठेवली.

"बसल?"

"बसल," मी म्हणालो.