ओटीवरचा वाद

रत्नागिरीच्या बाजारात दिवसभर येशूची वार्ता सांगून आमच्या शेजारचे उपदेशक संध्याकाळी माझ्या ओटीवर टेकत. जोडे काढून पाय चोळत आणि बसल्या आवाजात रोजचंच म्हणत, "नुसत्या सत्कर्मांनी तारण नाही हो, मास्तर. विश्वास हवा."

"माणूस चांगला वागला की झालं," हे माझं ठरलेलं उत्तर. या वादाचा दोघांनाही वीट आला होता, पण सुटत नव्हता.

एकदा चर्चच्या पायरीवर झोपणारा म्हातारा भिकारी वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून उपदेशकांनी त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. मी तणतणत तिकडे गेलो, तर हे भिंतीबाहेर, भर उन्हात, एकटेच त्याच्या कबरीसाठी जांभ्याच्या कातळावर टिकाव घालत होते. तळहात फोडांनी भरले होते.

"आत मऊ माती होती," मी म्हणालो.

"नियम मोडायचा मला अधिकार नाही."

"मग हे कशाला? यानं तारण मिळणार नाही ना?"

"नाहीच मिळायचं," ते धापा टाकत म्हणाले. "पण त्याला उघड्यावर कसं ठेवू?"

मग त्यांनी टिकाव माझ्यापुढे धरला.

"तुमचा सत्कर्मांवर भरवसा ना, मास्तर? घ्या जरा. मी दमलो."