त्रेचाळीस लाडू आणि विमानतळाचा काटा

मुंबईच्या विमानतळावर खायला काय मिळतं, प्यायला काय मिळतं आणि विमानाला उशीर झाला तर वेळ कुठं काढायचा, असं आमच्या पेठेत मला रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्यांपैकी एकालाही विमानात बसायचं नाही. पण ज्या गावाला जायचं नाही त्या गावचीसुद्धा पक्की चौकशी करून ठेवणं हा सांगलीकराचा स्वभाव. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो. माझा घसा वाचेल, आणि दुकानात फुकट गोष्ट ऐकायला येणारे निदान एखादा खण तरी विकत घेतील.

माझं कापडाचं दुकान. शेजारी तात्या मापाडी राहतो. हळदीच्या पेठेत त्याचा जन्म हळद जोखण्यात गेला. मापाडी मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं. तात्याचा 'लाभ' चार गल्ल्या पलीकडं ऐकू जातो. आणि हात असा, की गोणीचा कान धरून जरा उचलली की वजन सांगावं आणि काट्यावर घालून बघणाऱ्यानं लाजावं. शेर जाऊन किलो आले तेव्हा भलेभले गडबडले. तात्याचा हात आठ दिवसांत किलो शिकला.

त्याचा मुलगा वसंत. त्याच्या कारखान्यानं त्याला यंत्रं शिकायला वर्षभर विलायतेला पाठवायचं ठरवलं. सामान वीस किलो, त्यावर एक गुंजही नाही, अशी ताकीद पत्रात होती. त्याला पोचवायला आम्ही निघालो ते भूपालअण्णांच्या ट्रकमधून. अण्णा हळदीचे अडते. ट्रक मुंबईला हळद घेऊन जाणारच होता. पण अण्णा स्वतः बरोबर आले, कारण त्यांनी नुकताच दुकानात तबकडीचा नवा काटा बसवला होता आणि तात्याचा हात त्यांच्या डोळ्यांत सलत होता.

निघायच्या दिवशी तात्याच्या अंगणात अण्णा म्हणाले, "तात्या, बॅग माझ्या काट्यावर घाल की. खात्री करू."

तात्यानं बॅग उचलली. डोळे मिटले. "लाभ. वीस किलो."

"आन चुकलं तर?"

"अण्णा, ह्या हातात पाच तोळ्यांचा फरक निघाला तर परत पेठेत मापाला उभा ऱ्हाणार न्हाई. झालं?"

"मग काट्याला भितोस कशाला?"

"तुमच्या काट्यावर माझा हात तपासायचा न्हाई. माझ्या हातावर तुमचा काटा तपासा."

जमलेली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. तेवढ्यात वहिनी, म्हणजे तात्याची बायको, पुढं आल्या. "थांबा, देवापुढं ठिवून आणते," म्हणत त्यांनी बॅग आत नेली आणि जरा वेळानं आणून थेट ट्रकच्या केबिनमध्ये आपल्या पायाशी ठेवली.

केबिनमध्ये ड्रायव्हर, अण्णा, वहिनी आणि नव्या सुटातला वसंत. वर हळदीच्या गोण्यांवर तात्या आणि मी. कराड येईपर्यंत आम्ही दोघं पिवळे झालो. उंब्रजला चहाला उतरलो तेव्हा चहावाल्यानं विचारलं, "नवरदेव कोन ह्यातला?" मी तात्याकडं बोट दाखवलं. साताऱ्यात अण्णांनी कंदी पेढे (खरपूस भाजलेल्या खव्याचे) घेतले आणि केबिनमधल्यांनाच वाटले. वर फक्त वास आला.

प्रत्येक मुक्कामाला वहिनी बॅगेशी बसून. कुणाला हात लावू देईनात. पुण्यात वसंतनं ती जरा सरकवली आणि म्हणाला, "आई, जड लागतीया गं."

"आशीर्वाद असत्यात त्यात," वहिनी म्हणाल्या.

मुंबईत हळद उतरवली, रात्री अण्णांच्या ओळखीच्या वखारीत पडलो आणि सकाळी रिकामा ट्रक घेऊन सांताक्रूझला विमानतळावर पोचलो. पहिलं दर्शन सांगतो. आमच्या स्टँडसारखीच गर्दी, पण कुणी ओरडत नाही. फरशी अशी चकचकीत, की तात्यानं दारातच वहाणा काढून हातात घेतल्या. आणि आत शिरल्या शिरल्या, देवळात घंटा असावी तसा, काटा.

तात्याचे डोळे लकाकले. काट्यामागं टाय लावलेला एक तरुण कारकून होता, बोलण्यावरून कोकणातला.

"आधी रिकामा काटा दाखवा," तात्या म्हणाला.

"रिकामाच आहे, आजोबा."

"पासंग?" (तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला बांधतात ते वजन.)

"याला पारडीच नाहीत."

"पारडीच न्हाईत? मग न्याय कसा करता?"

कारकून हसला. वसंतनं बॅग ठेवली. काटा सरसर पुढं गेला, वीसवर थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही. साडेबावीस.

अण्णांनी इतक्या मोठ्यानं टाळी वाजवली, की चार गोरे वळून बघायला लागले. "अडीच किलो! तात्या, अडीच किलोची खोट! सपलं गड्या तुझं!"

तात्याचा चेहरा कधी नव्हे तो उतरला. त्यानं पुढं होऊन बॅग स्वतः उचलली. डोळे मिटले. हलकेच एकदा हलवली. आतून बारीक 'खण्ण' आलं. तात्यानं डोळे उघडले, ते सरळ वहिनींवर. वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

कारकून म्हणाला, "अडीच किलो काढा. विमानाला चार तास उशीर आहे, सावकाश काढा."

तात्यानं भिंतीकडं तोंड करून बॅग उघडली. मी अगदी शेजारी होतो, म्हणून मला दिसलं. सदऱ्यांच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला घरचा लोखंडी खलबत्ता, बत्त्यासकट. तात्याचा हात त्याच्यावर क्षणभर थांबला. एक शब्द बोलला असता तर अण्णांचं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण त्यानं लुगडं नीट गुंडाळून सदरे परत वर ओढले आणि बेसनाच्या लाडवांचा डबा बाहेर काढला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "लाडू जास्त भरलं."

"आता मोज! आधी मोजायचं हुतंस!" अण्णा म्हणाले.

तात्या फरशीवर बसला. एकेक लाडू तळहातावर घ्यायचा आणि मी अंथरलेल्या पंच्यावर ठेवायचा. "लाभ! दोन! तीन!" तोच पेठेतला आवाज. मागची रांग गप्प होऊन ऐकत होती. एका शीखबाबांनी विसाव्या लाडवापासून आमच्याबरोबर मोजायला सुरुवात केली. त्रेचाळिसाव्याला तात्या थांबला. "बस्स." उरलेले लाडू डब्यासकट बॅगेत गेले आणि बॅग काट्यावर.

बरोबर वीस. काट्याचं टोक त्या आकड्यावर असं बसलं, जणू तिथंच जन्मलं होतं. कारकुनानं उभं राहून नमस्कार केला.

अण्णा म्हणाले, "त्यात काय, मागनं कुणालाबी जमंल. शब्द म्हंजे शब्द, तात्या."

"व्हय," तात्या म्हणाला. "शब्द म्हंजे शब्द."

वसंतला दुसऱ्या खोलीत नेलं आणि आमच्यापुढं चार तास आले. आता वाचकांच्या मूळ प्रश्नाकडं वळतो.

चहा. माडीवर हॉटेल आहे. पांढरी टेबलं, फेटेवाला वेटर. तिथं चहा करून देत नाहीत, चहाचं सामान देतात. पाणी एका किटलीत, दूध दुसऱ्या भांड्यात, साखरेच्या वड्या तिसरीकडं. जुळवाजुळव आपण करायची आणि पैसे मात्र त्यांना द्यायचे. मी आधी दूध पिऊन टाकलं, मग वड्या खाल्ल्या आणि शेवटी कोरं पाणी प्यालो. पोटात एकत्र झालंच असेल.

खाणं. अण्णांनी सँडविच मागवलं. दोन पावांच्या मध्ये काकडीला अंथरूण घालून निजवलेली, आणि चारी बाजूंच्या कडा, म्हणजे जो खरा खमंग भाग, कापून टाकलेल्या. अण्णांनी वेटरला विचारलं, "ह्याच्या कडा कुठं हाईत?" तो म्हणाला, "साहेब, कडा कुणी खात नाही." अण्णा म्हणाले, "आमी खातो. आणा." आणल्या नाहीत.

पाणी. पायानं दाबायचा नळ आहे. पाणी वरच्या दिशेला उडतं. थंडगार. माझ्या पहिल्या घोटाचा निम्मा भाग नाकात गेला आणि मिशीची हळद खाली ओघळली. एका मेमसाहेबांना कावीळ वाटली की काय कोण जाणे, त्यांनी मला रुमाल दिला. तो अजून माझ्याकडं आहे.

बसायला कोच आहेत, पण आमच्या धोतरांची हळद त्यांना लागू नये म्हणून झाडूवाल्यानं आम्हाला दोनदा उठवलं. शेवटी आम्ही काट्याशेजारीच पंचा अंथरून बसलो, आणि तीच जागा उत्तम ठरली. समोर लाडवांची रास. येणारा प्रत्येकजण बॅग जोखायला थांबतो, लाडू बघतो. शीखबाबांनी सहा खाल्ले. कारकुनानं दोन खाल्ले आणि दोन खिशात टाकले. झाडूवाला आला, हमाल आले. रुमालवाल्या मेमसाहेबांनी एक घेतला, वास घेतला आणि मग अजून एक मागितला. वेटरसुद्धा माडीवरून खाली उतरला, त्याला मी म्हटलं, "ह्याला कडा नाहीत, बिनधास्त खा."

तात्यानं एकही खाल्ला नाही. तो काट्याकडं बघत होता. कुणी बॅग ठेवली की हळूच पुटपुटायचा, "अठरा," "सव्वीस," आणि काटा तिथंच जायचा. पण हे फक्त मी ऐकत होतो. अण्णा भिंतीला टेकून घोरत होते.

विमान सुटायच्या वेळी आम्ही गच्चीवर गेलो. तिथून विमानं दिसतात. वेळ काढायला याहून चांगली जागा नाही, फक्त टोपी धरून ठेवावी. वसंत शिडीवर चढला, वळून हात हलवला. विमान धावायला लागलं तशा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यात वझं जास्ती झालं तर ते खाली येतंय का वो?"

"किती जास्ती?"

"उगं... थोडंसं."

"थोड्यानं नाही येत," मी म्हटलं. विमान उचललं गेलं. वहिनींनी ते ढगात दिसेनासं होईतो श्वास सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत उंब्रज. तोच चहावाला. अण्णा खुशीत होते. "पोचल्या पोचल्या पेठेत सांगतो बघ. तात्याचा हात गेला म्हनावं."

वहिनी केबिनमधून उतरून समोर आल्या. अण्णांशी त्या थेट बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "आवं अण्णा, हात न्हाई गेला. खलबत्ता गेला."

"कुठं?"

"विलायतेला. देवाचं नाव करून मीच घातला. पोरगं मसाला कशात कुटंल तिकडं?"

अण्णांची बशी तोंडापाशी तशीच राहिली. मग ते तात्याकडं वळले. "आन तुला हे ठाऊक हुतं?"

"उचलल्या उचलल्या कळलं. मिरजेच्या बाजारातनं मीच आणलाय. अडीच किलो."

"मग बोलला का न्हाईस रं?"

तात्यानं बशीत फुंकर घातली. "त्या सुटाबुटातल्या लोकांपुढं पोराच्या ब्यागेतनं खलबत्ता काढायचा? त्याची आई उभी असताना? हात काय अण्णा, आज न्हाई उद्या म्हातारा व्हणारच."

अण्णांनी बशी खाली ठेवली. मग पेढ्यांची उरलेली पुडी काढून त्यांनी तात्यापुढं ठेवली. "शब्द मी ऐकलाच न्हाई," ते म्हणाले. "ट्रकचा आवाज लय हुता."

"ट्रक बंद हुता," तात्या म्हणाला.

"मग माझं कान बंद हुतं! उद्या सकाळी पेठेत ये मुकाट्यानं."

तात्या तरी हलेना. शब्द दिलेला. तेव्हा वहिनी माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, त्रेचाळिसातला एक लाडू उरला हुता, तुमच्यापाशी हाय न्हवं?"

मी पंच्याच्या गाठीतून तो काढून दिला. वहिनींनी तो तात्याच्या तळहातावर ठेवला. "करा माप."

तात्यानं डोळे मिटले. ड्रायव्हर, चहावाला, अण्णा, सगळे थांबले.

"लाभ," तात्या म्हणाला, आणि वहिनी हसल्या. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण लाडू पाच तोळ्याचा, हा साडेचार तोळंच हाय. एका बाजूनं कुणीतरी कुरतडलाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ट्रकच्या टपावर रात्रभर भूक लागते, हे खाली केबिनमध्ये बसणाऱ्यांना कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा पेठेतून 'लाभ' ऐकू आला. अण्णांनी तबकडीचा काटा ठेवलाय अजून. त्यावर गोणी घालतात आणि मग आकड्याकडं न बघता तात्याकडं बघतात. तेव्हा विमानतळावर कुठं खावं, असं मला विचाराल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. माडीवर जाऊ नका. घरून डबा न्या, काट्याशेजारी बसा आणि येईल त्याला द्या. मात्र बरोबर मापाडी असेल, तर शेवटचा लाडू अख्खा ठेवा.